जेट स्कीची निगा आणि बिघाड: क्रम कुठे चुकतो आणि कसा पाळायचा

जेट स्की बंद पडली की पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा पेट्रोलवर. इंजिन उघडल्यावर मात्र बहुतेक वेळा सापडतं ते मीठ, वाळू, नाहीतर ऑइलमध्ये शिरलेलं पाणी. कामं केलेली असतात, पण त्यांचा क्रम उलटा झालेला असतो. इंजिन धुवायला नळी जोडली जाते, पण इंजिन चालू करण्याआधीच पाणी सोडलं जातं. गाडीच्या मागचं बूच काढून पाणी निचरलं जातं, पण दुसऱ्या दिवशी ते परत लावायचं राहतं. पावसाळ्यासाठी ताडपत्री घट्ट बांधली जाते, पण आतला ओलावा बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते.

पुढची माहिती समुद्रात चालणाऱ्या, बसून चालवायच्या फोर-स्ट्रोक जेट स्कीसाठी आहे. तारकर्ली, नागाव, गुहागर, कळंगुट अशा किनाऱ्यांवर ज्या चालतात, त्याच या. प्रत्येक मॉडेलचे आकडे थोडे वेगळे असतात. इथला आकडा आणि तुमच्या मॅन्युअलमधला आकडा जुळला नाही, तर मॅन्युअलचा पाळा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. यामाहाच्या वेव्हरनरमध्ये समुद्राचंच पाणी इंजिनातून फिरतं आणि ते थंड ठेवतं. सी-डू या दुसऱ्या ब्रँडमध्ये इंजिनासाठी कारसारखं बंद चक्रातलं कूलंट असतं. म्हणून ‘सी-डूला गोड्या पाण्याने धुवायची गरज नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. सी-डूचा एक्झॉस्टसुद्धा बाहेरच्या पाण्यानेच थंड होतो आणि मीठ तिथे साचतंच.

## तयारी: हाताशी काय हवं

गोड्या पाण्याची नळी आणि तुमच्या मॉडेलला बसणारा फ्लशिंग ॲडॅप्टर, म्हणजे नळी इंजिनाला जोडायचा तुकडा. नळीला हाताजवळ चालू-बंद करता येणारा कॉक असलाच पाहिजे, कारण पुढे सेकंदांचा हिशेब आहे. नळ वीस पावलांवर असेल तर एकट्याने हे काम करू नका, एक माणूस नळाशी उभा करा.

याशिवाय डिजिटल मल्टिमीटर, स्पार्क प्लगचा पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेणारा हातपंप, पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस, गंजरोधक स्प्रे, सुती फडकी, आकडी पात्याचा चाकू आणि टॉर्च. साधं चेसिस ग्रीस वापरू नका. खाऱ्या पाण्यात ते आठवड्याभरात धुऊन जातं आणि ग्रीस लावलंय या समजुतीत मालक निर्धास्त राहतो.

## टप्पा १: पाण्यात उतरवण्यापूर्वी

१. सीट किंवा हूड उघडा आणि किमान ५ मिनिटं उघडं ठेवा. इंजिनाची खोली बंदिस्त असते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. वास आला तर बॅटरीला किंवा स्टार्ट बटणाला हात लावू नका, आधी गळती शोधा.

२. तळात पाणी किंवा ऑइल आहे का ते टॉर्चने पाहा. कालच्या वापरानंतर कोरडा केलेला तळ आज ओला दिसला, तर पाणी कुठून तरी आत येतंय.

३. ऑइलची पातळी बघा. गाडी सपाट हवी. उतारावर उभ्या ट्रेलरवर डिपस्टिक खोटं बोलते. बहुतेक मॉडेलमध्ये इंजिन गरम करून, बंद करून, ठरावीक वेळ थांबून पातळी बघायची असते. हा वेळ प्रत्येक कंपनीचा वेगळा आहे. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर भरू नका. जादा ऑइल हवेच्या मार्गात जातं, धूर येतो आणि प्लग काळे होतात.

४. थ्रॉटल दाबून सोडा. तो स्वतःहून, पटकन परत आला पाहिजे. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा आणि मागचं नोझल, म्हणजे पाणी फेकणारं तोंड, त्याबरोबर वळतंय का ते पाहा.

५. मागची दोन्ही बुचं लावा आणि हाताने घट्ट करा. बुचाच्या रबरी रिंगवर वाळूचा एक कण राहिला तरी तिथून पाणी झिरपतं, म्हणून लावण्याआधी रिंग बोटाने पुसा.

६. किल-कॉर्ड, म्हणजे मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी, लावून इंजिन क्षणभर चालू करा आणि दोरी ओढा. इंजिन तत्काळ बंद झालं पाहिजे. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही, तेव्हा ही तपासणी झटपट उरका.

तपासा: बुचं लागली आहेत का, हे गाडी पाण्याच्या कडेला नेल्यावर पुन्हा एकदा हात लावून बघा. तळात पाणी भरून गाडी जड होण्यामागे न लावलेलं बूच हे सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण आहे.

## टप्पा २: पाणी किती खोल हवं

कोकणच्या पुळणीवर जेट स्कीचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पर्यटकाला कपडे भिजवायचे नसतात, म्हणून गाडी गुडघाभर पाण्यात आणली जाते, माणूस बसतो आणि तिथेच इंजिन चालू होतं.

जेट पंप खालच्या जाळीतून पाणी ओढतो. तळाला पुरेसं पाणी नसेल तर पाण्याबरोबर वाळू, शिंपल्यांचे तुकडे, खडे ओढले जातात. वाळू पंख्याची म्हणजे इम्पेलरची कड आणि त्याभोवतीची वेअर रिंग घासते. तीच वाळू थंडाव्याच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. पहिल्या नुकसानाने जोर जातो, दुसऱ्याने इंजिन तापतं. दोन्ही हळूहळू होतात, त्यामुळे त्यांचा संबंध त्या गुडघाभर पाण्याशी कोणी जोडत नाही.

यामाहा गाडीच्या तळाखाली किमान ६० सेंटिमीटर पाणी मागते, सी-डू ९० सेंटिमीटर. हे माप किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या पायापासून धरायचं नाही, माणसं बसल्यावर खाली दबलेल्या गाडीच्या बुडापासून धरायचं. म्हणजे कंबरभर पाणी हवंच.

१. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत कंबरभर पाण्यात न्या.
२. माणसं तिथे बसवा.
३. पुढून-मागून हलवून जाळीत अडकलेली वाळू झटका.
४. मग चालू करा.

परत येतानाही तेच. खोल पाण्यातच इंजिन बंद करून गाडी हाताने ओढत आणा. वेगात येऊन पुळणीवर चढवली की पंप तोंडभर वाळू घेतो.

## टप्पा ३: गोड्या पाण्याने इंजिन धुणं

मीठ ओलं असताना धुतलं तर निघतं. वाळलं की खडा होतो. म्हणून दिवसाचा शेवटचा फेरा संपला की हेच पहिलं काम, चहा त्यानंतर.

का आणि कसं ते नीट बघा, कारण चूक झाली तर इंजिनच जातं. धुण्याचं पाणी इंजिनाभोवतीच्या वाटांमधून एक्झॉस्टमध्ये येतं. इंजिन चालू असेल तर धुराचा दाब त्याला बाहेर फेकतो. बंद असेल तर ते एक्झॉस्टमध्ये साचत जातं, चढतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या वेळी स्टार्ट दाबलं की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

१. गाडी ट्रेलरवर सपाट उभी करा. मागे कोणी उभं नको. इंजिन चालू असताना इम्पेलर फिरतच असतो.

२. ॲडॅप्टर आणि नळी जोडा. पाणी अजून बंद.

३. इंजिन चालू करा.

४. लगेच पाणी सोडा. यामाहामध्ये मागून सलग पाणी येताना दिसलं पाहिजे, आणि बाजूच्या बारीक छिद्रातूनही धार आली पाहिजे. ही धार बघायची सवय लावा. रोज करंगळीएवढी येणारी धार आज काडीएवढी झाली असेल, तर आत वाळू साचायला लागली आहे. इंजिन तापल्याचा अलार्म वाजण्याच्या कितीतरी आधी ती धार हे सांगते.

५. यामाहा मंद वेगावर सुमारे ३ मिनिटं चालवा. सी-डू २ मिनिटांच्या वर नको, दीड मिनिट पुरतं. कारण तिथे शाफ्टच्या सीलला पाण्याबाहेर थंडावा मिळत नाही, ते घासून जळतं. ‘जास्त धुतलं तर जास्त स्वच्छ’ हा हिशेब इथे चालत नाही.

६. आधी पाणी बंद करा. इंजिन चालूच.

७. १०-१५ सेकंद थ्रॉटल हलकेच दाबा-सोडा. एक्झॉस्टमध्ये राहिलेलं पाणी फुर्रर्र करत बाहेर पडतं.

८. आता इंजिन बंद. नळी काढा, झाकण लावा.

चालू करताना इंजिन आधी, पाणी नंतर. बंद करताना पाणी आधी, इंजिन नंतर. हे चार शब्द ट्रेलरच्या दांड्यावर पक्क्या रंगात लिहून ठेवा. कामगार बदलतात, दांडा बदलत नाही.

सावधान: धुताना इंजिन मध्येच बंद पडलं तर दुसरं काहीही करण्याआधी पाणी बंद करा. पाणी चालू ठेवून ‘परत चालू होतंय का’ बघणं ही इथली सगळ्यांत महाग चूक आहे.

सावधान: छपरावरच्या छोट्या टाकीचा दाब अनेकदा कमी पडतो. नळीतून पाणी येतंय म्हणजे इंजिनात पुरेसं जातंय असं नाही. मागची धार तुटक असेल तर लहान पंप लावा. अलार्म वाजला तर तत्काळ थांबा.

## टप्पा ४: इंजिनाची खोली, बॅटरी, बाहेरचं अंग

इंजिनाची खोली गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, तो कनेक्टरच्या रबरातून पाणी आत ढकलतो. हवा ओढून घेणारं तोंड आणि विजेच्या जोडण्या टाळा. बुचं काढा, गाडीचं तोंड थोडं वर करा, पाणी निथळू द्या. उरलेलं फडक्याने टिपा.

पूर्ण कोरडं झाल्यावर धातूच्या भागांवर गंजरोधक स्प्रे मारा. स्प्रेमधला वायू पेट पकडणारा असतो. फवारल्यानंतर खोली पुरती हवेशीर होईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

सीट रात्रभर किंचित उघडी ठेवा. घट्ट लावली की आत दमट हवा कोंडते आणि सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी दिसते.

बाहेरून सगळीकडे पाणी मारा. जेट पंप, नोझल, रिव्हर्सचं बकेट, केबलची टोकं, आणि ट्रेलरसुद्धा. ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात बुडवून तसाच उभा केला, तर एके दिवशी रस्त्यातच बेअरिंग बसतं.

पंपाजवळचा ॲनोड, म्हणजे झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा तो बोटभर तुकडा, बघायला विसरू नका. पंपाऐवजी गंजणं हेच त्याचं काम. अर्धा खाल्ला गेला की बदला. त्यावर रंग लावू नका, रंगाखाली तो निकामी होतो.

## टप्पा ५: तासांप्रमाणे करायची कामं

मॅन्युअलमध्ये ‘१०० तास किंवा १२ महिने’ असं लिहिलेलं असतं. हौशी मालकाचे वर्षाला तेवढे तासही होत नाहीत. किनाऱ्यावर भाड्याने चालणारी गाडी दिवसाला ४ तास चालली, तर १०० तास २५ दिवसांत भरतात. तरीही अनेक ठिकाणी ऑइल ‘हंगामाच्या शेवटी’ बदललं जातं, म्हणजे सहा-सात सर्व्हिसिंग चुकवून. कॅलेंडर बाजूला ठेवा, तासाचं मीटर पाहा आणि वहीत लिहा.

ऑइल आणि फिल्टर. कारसारखं खालून ऑइल सोडायला जागा नसते. इंजिन गरम करून बंद करा, डिपस्टिकच्या नळीत पंपाची नळी तळापर्यंत घाला आणि ओढून घ्या. किती निघालं ते मोजा. फिल्टर काढताना खाली फडकं धरा, नव्याच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावा. मॅन्युअलच्या मापापेक्षा थोडं कमी भरा, चालवा, थांबा, पातळी बघा आणि उरलेलं घाला. एकदम पूर्ण माप ओतलं की जुनं उरलेलं धरून जास्त होतं.

काढलेलं ऑइल पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडात धरा. काळं असणं ठीक. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. गाडी चालवू नका, टप्पा ७ मधला शेवटचा भाग बघा.

प्लग. इंजिन थंड असतानाच काढा. आधी प्लगभोवतीचं मीठ आणि वाळू हवेने उडवा, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिल्यांदा हातानेच फिरवत बसवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिरका बसलेला प्लग पान्याने ओढला की आटे जातात.

जेट पंप. इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि वेअर रिंग यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. प्रत्येक पात्याशी मोजा, एकाच जागी नको. यामाहाच्या पंपात ०.६ मिलिमीटरच्या वर फट गेली की रिंग बदलायची. सी-डूची मर्यादा याहून कमी आहे. पात्याची पुढची कड बोटाने चाचपा. खाच लागली, मुडपलेली वाटली, तर तेवढ्यानेही जोर कमी होतो आणि शाफ्ट थरथरतो. हे करताना किल-कॉर्ड काढलेली आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सुटलेली हवी.

ग्रीस. शाफ्टच्या बेअरिंगला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर मॅन्युअलने दिलेल्या मापाइतकंच भरा. बाहेर येईपर्यंत पंप मारत राहिलात, तर सील उलटतं आणि तिथूनच पाणी आत येतं.

## टप्पा ६: पेट्रोल

भारतात पंपावर मिळणारं साधं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. यामाहा आणि सी-डू दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि समुद्रकाठी ओलाव्याला तोटा नाही. पाणी पुरेसं जमलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो. इंजिनासाठी पेट्रोल उचललं जातं ते तिथूनच.

इथेनॉल किती आहे ते घरी बघता येतं. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा, १० मिनिटं ठेवा. खालचा पाण्याचा थर ५० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ५५ च्या आसपास आला तर सुमारे १० टक्के, ६० च्या आसपास तर सुमारे २० टक्के. हे उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करा.

शक्य असेल तिथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल घ्या, आणि ते तसंच आहे का हे याच चाचणीने बघा. मिळत नसेल तर टाकीत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या दर महिन्याला चाचपा. नळी मऊ, फुगीर किंवा चिकट लागली तर बदला. कॅनमधून भरताना कॅन जमिनीवर ठेवा, गाडीच्या प्लास्टिकवर नको, आणि बारीक जाळीचं नरसाळं वापरा.

## टप्पा ७: बिघाड शोधणं

सोपं आधी, अवघड नंतर. पाना हातात घेण्यापूर्वी मल्टिमीटर घ्या.

### स्टार्ट दाबलं, काहीच नाही

किल-कॉर्डची क्लिप पूर्ण बसली आहे का? रिमोटचं लॉक लागलेलं आहे का? मुख्य फ्यूज शाबूत आहे का? या तिन्हींनंतर बॅटरी.

### नुसता ‘कट’ आवाज येतो

बॅटरीचं व्होल्टेज मोजा. स्थिर असताना १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली म्हणजे चार्ज करायला हवी. मग स्टार्ट दाबून धरताना मोजा. १० च्या बरंच खाली घसरलं तर बॅटरी गेली, किंवा इंजिनात पाणी भरून ते अडलंय. यातलं दुसरं कारण नाही याची आधी खात्री करा. जंप देऊन जोर लावला आणि आत पाणी असेल तर रॉड वाकलाच म्हणून समजा. व्होल्टेज चांगलं राहतं, तरी नुसता कट आवाज, तर टर्मिनल, अर्थची तार आणि स्टार्टरचा रिले.

### फिरतं पण चालू होत नाही

स्टार्टर एका वेळी ५ सेकंदच, मग १५ सेकंद थांबा. सलग दाबत राहिलात तर स्टार्टर जळतो. प्लग काढून बघा. ओले आणि पेट्रोलचा वास असेल तर ठिणगी नाही, किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाही. पाण्याचे थेंब दिसले तर तिथेच थांबा.

### इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही

जवळजवळ नेहमी पंपाचा प्रश्न. क्रमाने बघा. जाळीत प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा नायलॉनची दोरी, मग इम्पेलरची कड, मग वेअर रिंगची फट. नायलॉन शाफ्टभोवती गुंडाळून उष्णतेने वितळतो आणि टणक कड्यासारखा बसतो. ओढून निघत नाही, आकडी चाकूने थोडा थोडा कापावा लागतो. सगळा निघाला असं वाटल्यावर टॉर्चने सीलपाशी पुन्हा बघा, शेवटचे दोन वेढे तिथेच लपतात.

जाळी बघण्यासाठी गाडी आडवी करायची असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा स्टिकरवर दाखवलेल्या बाजूलाच करा. उलट्या बाजूला केली की एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात ओघळतं. समुद्रात उलटलेली गाडी सरळ करतानाही हाच नियम, आणि त्यासाठीच मागच्या बाजूला बाणाचं स्टिकर असतं. ते पुसट झालं असेल तर आजच रंगवून घ्या.

### अलार्म वाजतो, वेग आपोआप कमी होतो

थ्रॉटल सोडा, सुरक्षित जागी इंजिन बंद करा, जाळी बघा. पिशवी निघाली आणि धार परत आली तर बरं. धार कमीच असेल तर गाडी किनाऱ्यावर आणा, पुन्हा ‘बघू’ म्हणून पळवू नका. तापलेल्या इंजिनात लगेच थंड पाणी सोडू नका, ते आपोआप निवू द्या.

ओढून आणायची असेल तर वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत. जोरात ओढलं की पाणी पंपातून थंडाव्याच्या वाटेने आत ढकललं जातं, आणि इंजिन बंद असल्यामुळे ते सिलिंडरकडे जातं. बिघाड पिशवीचा असतो, इंजिन मरतं ते ओढण्यामुळे.

### इंजिनात पाणी गेलं

हे आजच करायचं. खारं पाणी एका रात्रीत बेअरिंग आणि सिलिंडर खराब करतं.

१. स्टार्टला हात लावू नका. गाडी बाहेर काढा, तोंड वर करा, बुचं काढा, तळ कोरडा करा.

२. ऑइल दुधाळ असेल तर आधी ते काढा, नवं ऑइल आणि फिल्टर घाला.

३. सगळे प्लग काढा. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडा. नाहीतर उघड्या छिद्रांतून पेट्रोलचा फवारा आणि बाजूला ठिणगी, अशी आगीची पक्की सोय होते.

४. छिद्रांवर फडकं टाका, आपलं तोंड बाजूला ठेवा आणि ५-५ सेकंद स्टार्टर फिरवा. पाणी जोरात बाहेर येतं. फडकं कोरडं राहीपर्यंत करा.

५. प्रत्येक छिद्रात थोडं फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू न देणारं फवाऱ्याचं ऑइल) मारा, वाळवलेले किंवा नवे प्लग बसवा, कनेक्टर जोडा, खोली हवेशीर झाल्याची खात्री करा.

६. टप्पा ३ च्या क्रमाने चालू करा, कंपनीच्या वेळमर्यादेत चालवा, निवू द्या, ऑइल बघा. पुन्हा दुधाळ दिसलं तर पुन्हा बदला. दोन-तीनदा बदलावं लागणं नेहमीचं आहे. तरीही दूध कायम असेल तर पाणी आतूनच कुठेतरी येतंय. ते काम मेकॅनिककडेच द्या.

## टप्पा ८: पावसाळी मुक्काम

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात आणि गाडी तीन-चार महिने उभी राहते. परदेशी सूचना वाचून इथे कोणी अँटिफ्रीझ ओतायला जातात. कोकणात पाणी गोठत नाही, आपला शत्रू दमटपणा आहे.

क्रम असा: पेट्रोल, धुणं, ऑइल, फॉगिंग, बॅटरी. टाकी रिकामी करा, किंवा इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, मापाने घाला. स्टॅबिलायझर घातल्यावर शेवटचं धुणं करा, म्हणजे तेच पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. मग ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, ते चार महिने आत ठेवायचं नाही. मग प्लग काढून, कनेक्टर सोडून, छिद्रांत फॉगिंग ऑइल मारा आणि स्टार्टर एक-दोन सेकंद फिरवा. हे आधी करून नंतर इंजिन धुतलं, तर सगळं फॉगिंग ऑइल जळून जातं.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी. घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा सुमारे २ अँपिअरने चार्ज करा. कारचा मोठा चार्जर लावू नका.

बुचं उघडी ठेवून हँडलला सुतळीने बांधा, तोंड वर ठेवा, सीट किंचित उघडी. मागून पंपाच्या तोंडाला आणि हवेच्या तोंडांना बारीक तारेची जाळी लावा. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि ते चार महिन्यांनीच कळतं. ताडपत्री अंगाला चिकटवू नका, बांबूची चौकट करून वर टाका आणि दोन्ही टोकं उघडी सोडा.

## टप्पा ९: हंगामात पुन्हा उतरवताना

१. जाळ्या काढा. वायरिंग, नळ्या, घरटी बघा. एक्झॉस्टमध्ये कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडणं नवलाचं नाही.

२. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढा.

३. बॅटरी बसवा, पॉझिटिव्ह आधी. इंजिन चालू झाल्यावर टर्मिनलवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

४. डिपस्टिक बघा. खाली जमलेलं पाणी असेल तर पहिल्याच फिरकीआधी कळायला हवं.

५. ट्रेलरवर टप्पा ३ प्रमाणे चालू करा. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो फॉगिंग ऑइलचा. दोन-तीन वेळा चालवल्यावरही थांबला नाही तर प्लग बघा.

६. बुचं लावा. पहिला फेरा एकट्याने, किनाऱ्याजवळ, १० मिनिटांचा. परत येऊन सीट उघडा आणि तळ बघा. पेलाभर पाणी चालेल. त्याहून जास्त असेल तर शाफ्टचं सील, बुचं आणि नळ्यांच्या क्लिप याच क्रमाने तपासा, आणि कारण सापडेपर्यंत पर्यटक बसवू नका.